डॅन्यूबच्या काठानं सायकलवर, दिवस पहिला: पासाऊ ते श्ल्योगन

सकाळी साडेपाचलाच जाग आली, म्हणजे नीट झोप लागलीच नव्हती म्हणा, आणि खिडकी उघडून बघितलं तर बाहेर लख्ख उजाडलेलं. जूनमध्ये इकडे असंच असतं. खाली गल्लीतल्या दगडी फरसबंदीवरून एकजण कुत्रं घेऊन चाललेला, बाकी अख्खं पासाऊ झोपलेलं, रविवार ना. ताई शेजारच्या पलंगावर बसून गुडघ्याला पट्टा बांधत होती. मी काही विचारायच्या आतच म्हणाली, "दुखत नाहीये गं, सवयीनं बांधतेय."

पासाऊ ते व्हिएन्ना, साधारण ३२० किलोमीटर, सात दिवस, आम्ही दोघी बहिणी. आठ महिने हेच डोक्यात होतं. जर्मनीतून निघून ऑस्ट्रियात शिरायचं पण शेंगेन व्हिसा एकच असल्यामुळे त्याची कटकट नव्हती. खरा वाद झाला तो पहिल्या दिवसावरून. मला पहिल्याच दिवशी ७० करायचे होते, कारण रस्ता सपाट, नदी उताराच्या दिशेनं, अंगात जोर, मग का नाही. ताईचं म्हणणं पहिला दिवस ४५ च्या वर नाही. तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालंय, त्यामुळे मी वाद सोडून दिला, पण मनातून मला ते पटलं नव्हतं हे इथे स्पष्ट लिहिते, कारण संध्याकाळपर्यंत माझं मत पूर्ण बदललं.

आदल्या दिवशी म्युनिकहून रेल्वेनं दोन-सव्वादोन तासांत पासाऊला उतरलो होतो आणि सायकली ताब्यात घेऊन गाव फिरलो होतो. गावाची गंमत सगळ्यांना माहीत असते, तीन नद्या, पण प्रत्यक्ष त्या टोकावर उभं राहिल्याशिवाय ते कळत नाही. डावीकडून इल्झ येते ती काळसर, बव्हेरियाच्या जंगलातल्या दलदलीतून येते म्हणून. मधे डॅन्यूब. आणि उजवीकडून इन, आल्प्समधल्या दगडांची पूड घेऊन आलेली, फिकट हिरवट राखाडी. आणि इनचं पाणी वर्षाच्या सरासरीत डॅन्यूबपेक्षा जास्त भरतं, तरी पुढे नाव चालतं ते डॅन्यूबचंच! बराच वेळ दोन रंग शेजारी शेजारी वाहत राहतात, एकमेकांत मिसळायची घाई कुणालाच नाही. टाउनहॉलच्या भिंतीवर पुराच्या खुणा कोरल्यात. २०१३ च्या जूनमधली खूण १२.८९ मीटरची, मान वर करूनच बघावी लागते, आणि तिच्या वर फक्त एकच खूण आहे, १५०१ सालची. पाचशे वर्षांत एवढं पाणी आलं नव्हतं. त्या भिंतीखाली लोक निवांत आइसक्रीम खात बसलेले, आणि मी मात्र त्या आकड्याकडे बघत, या नदीच्या अगदी कडेकडेनं आपण सात दिवस जाणार आहोत याचा विचार करत उभी.

तर सकाळी सात वाजता सामान बांधलं. प्रत्येकीच्या मागच्या चाकाला दोन पिशव्या, एकीचं सामान साधारण दहा किलो. जड वस्तू खाली आणि चाकाच्या जवळ, दोन्ही बाजूंचं वजन सारखं, हे वाचून माहीत होतं तरी पहिल्यांदा भरताना चुकलंच, उजवीकडची पिशवी जड झाली आणि सायकल स्टँडवर एका बाजूला ओणवायला लागली. परत सगळं काढून भरलं. रविवारी इथे सुपरमार्केट बंद असतात, जर्मनीत आणि ऑस्ट्रियात दोन्हीकडे, त्यामुळे केळी, चीज, सुकामेवा शनिवारीच घेऊन ठेवला होता. कुणी हा रूट करणार असेल तर एवढं नक्की लक्षात ठेवा, रविवारी निघत असाल तर खाणं आदल्या दिवशी घ्या. ब्रेडची एक बेकरी तेवढी सकाळी उघडी मिळाली.

आणि मग पहिल्याच किलोमीटरात मी पडले.

झालं असं, की सायकली भाड्याच्या. ताईनं घेतली ती नेहमीसारखी, दोन हातब्रेकवाली. मी बुक करताना सात गिअरवाली सिलेक्ट केली, कारण मागच्या चाकाच्या हबमध्ये गिअर असतात, चेन उतरायची भानगड नाही, सपाट रस्त्याला सात पुरतात. पण या सायकलींना बरेचदा मागचा ब्रेक पेडलमध्ये असतो, पेडल उलटं फिरवलं की मागचं चाक थांबतं. दुकानात सांगितलं होतं, मी मान पण हलवली होती. पण पायाला कोण सांगणार? वीस वर्षांची सवय अशी की थांबता थांबता पेडल थोडं मागे फिरवून वर आणून ठेवायचं, म्हणजे निघताना जोर लावता येतो. पुलाच्या अलीकडच्या चौकात गाडी उजवीकडून जाणार की डावीकडून याच विचारात होते (उजव्या बाजूनं चालवायचं हे अजून अंगात भिनलं नव्हतं), वेग कमी केला, पेडल मागे फिरवलं, सायकल जागच्या जागी थांबली आणि मागच्या वजनासकट मी आडवी. कोपर सोलवटलं आणि तळहाताला खडे लागले. वाईट याचं वाटलं की ताई घाबरली, सायकल टाकून पळत आली त्या गुडघ्यानं.

रस्त्याच्या कडेला बसून जखम धुतली, पट्टी लावली. एक आजोबा चर्चला चाललेले, थांबले, काहीतरी जर्मनमध्ये विचारलं, मी अंगठा दाखवला तरी ते गेले नाहीत, मी उठून सायकल सरळ करेपर्यंत हँडल धरून उभे होते. मग हात जरासा वर करून "झेअर्वुस" म्हणाले आणि गेले. इकडे भेटताना आणि निरोप घेताना दोन्हीला हाच शब्द. दिवसभरात तो पन्नास वेळा तरी कानावर पडला असेल.

ताई म्हणाली, "परत वळून सायकल बदलून घ्यायची का?" दुकान बंद होतं. मग एका मोकळ्या पार्किंगमध्ये अर्धा तास नुसती प्रॅक्टिस केली: सुरू करायचं, थांबायचं, सुरू करायचं, थांबायचं. युक्ती अशी की थांबायच्या आधीच, सायकल चालू असतानाच, ज्या पायानं निघायचं तो पाय वर आणि थोडा पुढे येईल असं बघायचं आणि त्याच जागी थांबायचं. एकदा थांबलं की मग पेडल मागे आणता येत नाही. ताई पण तिच्या ब्रेकांची ओळख करून घेत होती, कारण तिच्या सायकलला पुढच्या चाकाचा ब्रेक डाव्या हाताला, तिच्या सवयीच्या बरोब्बर उलट, आणि सामान असताना घाईत तो जोरात दाबला तर काय होईल ते सांगायला नको. त्या पार्किंगमधल्या अर्ध्या तासात माझ्या ७० किलोमीटरच्या हट्टाला पहिला तडा गेला.

पूल ओलांडून डाव्या काठाला लागलो. नदीचा डावा-उजवा काठ प्रवाहाच्या दिशेनं तोंड करून ठरवतात. सुरुवातीचा रस्ता मला काही खास वाटला नाही, मोठ्या रस्त्याला चिकटून सायकलचा पट्टा, गाड्यांचा आवाज, रविवारचे मोटरसायकलवाले. एर्लाऊपर्यंत डोकं खाली घालून चालवलं. पण नंतर समोरच्या काठावर कड्यावर एक चिंचोळा किल्ला दिसला, क्रेम्पेलश्टाइन, आणि ताई थांबली. तिनं याची गोष्ट वाचून ठेवली होती. तिथे एक गरीब शिंपी राहायचा, त्याची एकुलती एक बकरी मेली, ती नदीत टाकायला गेला तर तिचं शिंग त्याच्या कपड्यात अडकलं आणि तो पण गेला खाली. म्हणून लोक त्याला शिंप्याचा किल्ला म्हणतात. ताईनं ही गोष्ट सांगितली आणि वही काढून काहीतरी लिहिलं. मला वाटलं गोष्टच लिहितेय. तर ती नदीकाठच्या पाटीवरचा आकडा लिहीत होती.

हे मला माहीत नव्हतं. डॅन्यूबच्या काठावर जहाजांसाठी किलोमीटरच्या पाट्या आहेत, आणि ते मोजमाप उगमापासून नाही, समुद्रापासून सुरू होतं. काळ्या समुद्राकाठी, सुलिनाच्या मुखाशी शून्य, आणि वर चढत चढत इथपर्यंत येतं. पासाऊला साधारण २२२५. म्हणजे आपण जसजसं पुढे जाऊ तसतसा आकडा कमी होत जातो.  हाच सायकलमार्ग पुढे युरोव्हेलो ६ म्हणून अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जातो, आपण त्यातला एक छोटासा तुकडा करणार. पण ती पाटी बघून पहिल्यांदा मला वाटलं की समोर कुठेतरी खरंच समुद्र आहे. ताईनं ठरवलं होतं रोज निघतानाचा आणि पोचतानाचा आकडा लिहायचा, आणि मधे जिथे थांबू तिथला पण.

ओबर्नत्सेलच्या अलीकडे ताई मागे पडायला लागली. मी दोनदा थांबून वाट बघितली, तिसऱ्यांदा विचारलं तर म्हणाली, गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतंय, वाटीच्या खाली. मला धस्स झालं. सोळाच किलोमीटर झाले होते! पण फिजिओथेरपिस्टनं तिला एक गोष्ट पक्की शिकवून पाठवलं होतं, पुढून दुखलं तर आधी सीट बघ. बघितली. दुकानात सीट तिला जमिनीवर पाय टेकतील अशी लावून दिलेली, म्हणजे खूपच खाली. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवायची आणि पेडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे, मग नेहमीसारखा पंजा ठेवला की गुडघा हलकासा वाकलेला राहतो. सीट खाली असली तर गुडघा प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडतो आणि सगळा ताण वाटीवर येतो. दीड-दोन सेंटिमीटर वर केली, पाच मिनिटं चालवून बघितलं, परत अर्धा सेंटिमीटर. शिवाय तिला जड गिअरवर हळूहळू रेटायची सवय, ते बंद करून हलक्या गिअरवर भराभर पाय फिरवायला लावले. अर्ध्या तासात दुखणं थांबलं, अगदी पूर्ण नाही पण चेहऱ्यावरचा ताण गेला. मला सारखं एकच वाटत होतं, ७० करायचे म्हणून मी पुढे पळत सुटले असते तर ती बोललीच नसती, तिचा स्वभावच तसा, आणि हे सगळं कळायला तिसरा दिवस उजाडला असता.

ओबर्नत्सेल छान शांत गाव, नदीला लागूनच पासाऊच्या बिशपांचा किल्ला, त्यात आता मातीच्या भांड्यांचं म्युझियम. पूर्वी गावाचं नावच हाफ्नरत्सेल होतं, हाफ्नर म्हणजे कुंभार, आणि इथल्या ग्रॅफाइटच्या मुशी, म्हणजे धातू वितळवायची भांडी, दूरवर जायच्या. म्युझियममध्ये गेलो नाही, भूक लागली होती. नदीकाठी झाडाखालच्या टेबलावर केझश्पेट्झलं मागवलं, अंड्या-मैद्याच्या छोट्या गोळ्या भरपूर चीजमध्ये आणि वरून तळलेला कांदा. ताई मांसाहार करत नाही पण अंडं चालतं, त्यामुळे पुढचे सात दिवस हा पदार्थ तिला तारणार असं दिसतंय. मी राडलर घेतलं, अर्धी बिअर अर्धं लिंबू सोडा, राडलर म्हणजेच सायकलवाला, नावच आपलं.

आणि तिथून पुढचे आठ किलोमीटर! मोठा रस्ता सुटला, एकदम आवाज बंद. डावीकडे जंगलाचा उभा चढ, उजवीकडे हाताला लागेल इतकी जवळ नदी, मधे अरुंद डांबरी वाट. ही वाट मुळात सायकलसाठी केलेलीच नाही. इंजिनं येण्याआधी होड्या प्रवाहाविरुद्ध वर न्यायच्या तर काठावरून घोडे जुंपून ओढत न्यायचे, त्या घोड्यांसाठी हा रस्ता. घोड्यांना चढ-उतार नको म्हणून तो पाण्याच्या पातळीलगत सपाट ठेवला, आणि त्या घोड्यांच्या कष्टांवर आज आमच्यासारख्या बायका दहा किलो सामान घेऊन आरामात चालल्यात. हे कळल्यावर त्या सपाट रस्त्याकडे बघायची नजरच बदलली. या उतारांवर पाचूसारखे हिरवे सरडे आणि एस्क्युलापियन साप राहतात, वैद्यांच्या काठीला गुंडाळलेला तो साप, बिनविषारी. साप दिसला नाही. सरडा एकदा दगडावरून सर्रकन गेला, मला नुसती शेपटी दिसली, ताईला पूर्ण दिसला, ती दिवसभर खूश.

योखनश्टाइनला नदीच्या मधोमध एक खडक आहे, त्यावर छोटंसं देऊळ, आणि त्याच्या खाली इसा नावाची जलपरी राहते अशी दंतकथा, ऱ्हाइनवरच्या लोरेलायची बहीण. खडकाला लागून धरण आणि वीजकेंद्र, १९५२ ते १९५६ मध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रियानं मिळून बांधलेलं, कारण सीमा इथे नदीच्या मधून जाते. शेजारी लॉक, म्हणजे जहाजांना धरणाच्या एका बाजूच्या पातळीवरून दुसऱ्या बाजूच्या पातळीवर नेणारे दारांचे हौद. त्याचे दोन कप्पे, प्रत्येकी २३० मीटर लांब आणि २४ मीटर रुंद. आम्ही पोचलो तेव्हा एक पांढरं प्रवासी जहाज आत येऊन उभं होतं. वरच्या डेकवरचे लोक आमच्या डोळ्यांच्या रेषेत, मग पाणी सोडलं आणि ते सगळे हळूहळू, अजिबात आवाज न करता, खाली खाली जात राहिले, साधारण दहा मीटर. एका बाईनं खालून हात हलवला, आम्ही वरून हलवला. पुढचं दार उघडलं आणि जहाज निघून गेलं. वीस मिनिटं आम्ही तिथेच. ताई म्हणाली, "वीस मिनिटांत आपण पाच किलोमीटर गेलो असतो ना?" मी म्हणलं, "नसतो गेलो तरी चालेल." वहीत २२०३.

धरणावरून सायकल हातात धरून पलीकडे गेलो. मधे कुठेतरी देश बदलला. पासपोर्ट पाऊचमध्ये होते, कुणी विचारले नाहीत. पलीकडे ऑस्ट्रिया, सायकलमार्गाच्या पाटीवर आर १ लिहिलेलं.

एंगेल्हार्ट्सत्सेलला एंगेल्सत्सेलचा मठ आहे, १२९३ मध्ये स्थापन झालेला, १९२५ पासून ट्रॅपिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा, ऑस्ट्रियातला त्या पंथाचा एकमेव होता. २०१२ पासून स्वतःची बिअर बनवायचे. २०२३ मध्ये मठ बंद करायचं जाहीर झालं, साधू हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते. चर्चमध्ये जाऊन बसलो. आत सगळी रोकोको सजावट, गुलाबी-सोनेरी, आणि कुणीच नाही. घाम वाळत होता, पाय थरथरत होते, बाहेर कबुतरं. ताई डोळे मिटून बसली होती, मी तिला उठवलं नाही.

इथून सरळ उजव्या काठानं श्ल्योगन गाठता येतं, तो मार्ग मोठ्या रस्त्याच्या शेजारून जातो. आम्ही वेसेनउफरच्या पुलावरून परत डाव्या काठाला आलो, नीडररान्नाला, आणि माझं स्पष्ट मत आहे की तेच करावं. नीडररान्नानंतर सहा-सात किलोमीटर नुसती नदी, झाडं आणि वाट. दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ आले, दरी अरुंद झाली, पाणी धरणामुळे संथ आणि गडद हिरवं. एवढंच की डाव्या काठाची वाट पुढे आऊला जाते, तिथून श्ल्योगनला जायचं तर फेरीच घ्यावी लागते आणि फेरी रात्रभर चालत नाही. मठात आणि लॉकपाशी आम्ही बसलो त्याचा हिशोब आता लागायला लागला. शेवटचे चार किलोमीटर जरा जोरात मारले, ताई पुढे, मी मागे, आणि तिचे पाय एका लयीत फिरताना बघून मला जे वाटलं ते लिहिता येत नाहीये. ऑपरेशननंतर पहिल्यांदा वॉकर धरून ती खोलीच्या दारापर्यंत गेली होती तेव्हा मी तिथेच होते.

फेरी मिळाली. छोटी होडी, आम्ही दोघी, दोन सायकली आणि एक जर्मन कुटुंब, त्यांच्यातल्या छोट्या मुलीनं माझ्या कोपराच्या पट्टीकडे बोट दाखवून आईला काहीतरी विचारलं. पाच मिनिटांत पलीकडे. खोली आधी बुक केलेली होती, सायकली आत कुलपात ठेवायची सोय होती, गरम पाणी होतं. कोपर झोंबलं जाम.

श्ल्योगनला डॅन्यूब जवळजवळ पूर्ण उलटी वळते, एवढा कठीण ग्रॅनाइटचा डोंगर की नदी त्याला फोडून सरळ जाऊ शकली नाही, वळसा घालून परत मागे आली. हे वळण बघायला वर जंगलातून अर्धा-पाऊण तास चढून जावं लागतं. ताईनं जेवायच्या आधीच सांगून टाकलं की ती येणार नाही, उतरताना गुडघ्याला त्रास होईल, आणि मी जाऊन यावं. मी नको म्हणत होते. "अगं जा, आठ महिने तो फोटो मोबाइलवर लावून बसलीस." गेले. आठ वाजून गेले तरी भरपूर उजेड. चढ दमवणारा, दिवसभराच्या पायांना तर फारच, वाटेत दोनदा बसले. वर पोचले तेव्हा तिथे फक्त एक तरुण जोडपं होतं.

खाली नदीचा पूर्ण वळसा, मधे जंगलानं भरलेली जिभेसारखी जमीन, पाण्यावर डोंगराची सावली, आणि पलीकडच्या काठाला एक बारीक फिकट रेघ, तीच आमची वाट, ज्यावरून तासा-दोन तासांपूर्वी ताई पुढे आणि मी मागे आलो होतो. फोटोत ती रेघ कधी दिसलीच नव्हती. नंतर एक मालवाहू जहाज वळणात शिरलं, एवढं लांब की वळेल असं वाटेना, पण वळलं. ते दिसेनासं होईपर्यंत थांबले आणि मग अंधार व्हायच्या आत भराभर उतरले.

खोलीत आले तर ताई पाय उशीवर ठेवून बसलेली, गुडघ्यावर बर्फाची पिशवी, खालच्या किचनमधून मागून आणलेली. सूज नव्हती, मी दोन्ही गुडघे शेजारी ठेवून बघितले. तिला फोटो दाखवले, तिनं झूम करून ती रेघ स्वतःच शोधली. आजचे एकूण ४६ किलोमीटर. वहीत शेवटचा आकडा २१८७.

"उद्या किती?"

"लिंझ. पंचावन्न तरी होतील."

"मग सातला निघू," म्हणाली, "आणि निघायच्या आधी तू पार्किंगमध्ये दहा मिनिटं ब्रेकची प्रॅक्टिस करायची."